पाणबुडीचं वय

तिला सगळे पाणबुडी म्हणत. लहानपणी चिडवायला म्हणत, तरुणपणी कौतुकाने, आणि आता ही पासष्टीची बाई चपलांच्या दुकानात स्टुलावर बसून गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवत असली, तरी येणारेजाणारे "काय पाणबुडीकाकू, बरं चाललंय ना?" असंच विचारतात. पासष्टी म्हटलं ते जरा हळू वाचा. तिच्या नवऱ्याच्या हिशेबाने तिला नुकतीच साठ पूर्ण झाली होती, आणि ही सगळी हकीकत त्या मधल्या पाच वर्षांचीच आहे.

तिचे वडील पोहण्याच्या तलावावर रखवालदार होते. तलावाच्या मागे, पंपाच्या खोलीला लागून दोन खोल्या, तेच घर. पंप रात्रंदिवस घरघरायचा आणि ज्या दिवशी तो बंद पडे त्या दिवशी घरात कुणाला झोप लागत नसे. लोक पोहायला येत आणि काही ना काही पाण्यात टाकून जात. केसांचे आकडे, अंगठ्या, किल्ल्या, एकदा तर एका गृहस्थांची अख्खी कवळी. वडिलांना लांब दांड्याची जाळी फिरवायचा कंटाळा. ते लेकीला हाक मारत, "जा गं, बुडी मार." आणि ही फ्रॉकसकट खाली. कवळी वर आणली तेव्हा ते गृहस्थ दातांविना आभार मानायला गेले, ते काही जमेना, म्हणून त्यांनी ती तलावातच खळबळून तोंडात बसवली आणि मग रीतसर आभार मानले. ही एकदा खाली गेली की इतका वेळ वर येत नसे, की आई काठावर उभी राहून आधी हाका मारी, मग रागावे, मग रडायला लागे, आणि हिचं डोकं वर आलं की पुन्हा पहिल्यापासून रागावे. पाणबुडी हे नाव आईनेच अशा एका रागात ठेवलं. बारशाचं नाव त्यानंतर कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तलावावर मुलांना शिकवणारे एक सर होते. गळ्यातली शिट्टी ते झोपतानाही काढत नसावेत असा सगळ्यांचा समज होता. त्यांनी हिला पाहिलं आणि म्हणाले, "तळ पुष्कळ पाहून झाला तुझा. आता उताणी हो आणि वर बघ." झालं! पाठीवर पडली ती पडलीच. बॅकस्ट्रोकमध्ये पुढचं काही दिसत नाही. भिंत कधी येणार ते अंदाजाने ओळखायचं, आणि बरीच मुलं तिथेच कचरतात. हिला कचरणं ठाऊकच नव्हतं. डोकं आपटायचं, टेंगूळ यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच जोर. आधी शाळेची स्पर्धा जिंकली, मग जिल्ह्याची, मग राज्याची, आणि राज्याचं अजिंक्यपद घरात असं ठाण मांडून बसलं की चषकांचं करायचं काय हा आईला प्रश्न पडला. तिने एकात चमचे ठेवले, दुसऱ्यात शिवणाची रिळं, आणि सगळ्यात मोठ्या चषकात कांदे.

या धांदलीत लग्नाचं वय आलं आणि शेजारच्या लेनमधून पोहत पुढे निघून गेलं. घरच्यांना जाग आली तेव्हा पोरगी सत्तावीसची झाली होती. आत्याने पदर खोचला आणि एक स्थळ आणलं. मुलगा चपलांच्या दुकानाचा एकुलता एक वारस, चोवीस वर्षांचा. त्याच्या आईची अट एकच, मुलगी मुलापेक्षा लहान हवी. "मोठी बायको डोक्यावर बसते," असं त्या बाईंचं मत होतं.

"मुलीचं वय?" त्यांनी विचारलं.

"बावीस," आत्याने पापणीही न लवता सांगितलं.

परत येताना वडील भडकले. "अगं, पाच वर्षं कुठे घातलीस?"

"पोरीने पाण्यात घालवली ती," आत्या म्हणाली. "जमिनीवर काढलेलीच सांगितली मी."

मुलगा मात्र वय, शिक्षण, चेहरा, कशाकडेच बघत नव्हता. तो टक लावून तिच्या पायांकडे बघत होता. निघताना हळूच म्हणाला, "तुमची टाच फार सुरेख आहे हो. पण चप्पल चुकीच्या मापाची घालता." पुढच्या भेटीला त्याने बुटांचा एक जोड आणला. माप न घेता, नुसत्या नजरेवर करून घेतलेला. तो असा बसला, की आजवर आपण दुसऱ्याच कुणाच्या पायांनी चालत होतो असं तिला वाटलं. ती तिथेच विरघळली. लग्न झालं की पहिल्याच आठवड्यात या माणसाला खरं काय ते सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

पहिला आठवडा गेला. पहिलं वर्ष गेलं. आधी सासूचा धाक होता, सासू गेल्यावर सवय होती. आणि पाच वर्षांनी लहान असण्याची चटकही लागते हो. तिने तिशी दोनदा पाहिली, एकदा खरी आणि एकदा केक कापून, आणि तिला दुसरी जास्त आवडली.

एकच गोष्ट तेवढी जिवावर यायची. वाद घालताना नवऱ्याकडे एक ठेवणीतलं अस्त्र होतं. "अगं, तुझ्यापेक्षा दोन पावसाळे जास्त पाहिलेत मी!" दूध नासलंय की नाही, गाडी किती वाजता सुटते, लेकीला कुठल्या शाळेत घालायचं, कुठलाही वाद तो या वाक्यावर आणून ठेवायचा आणि जिंकायचा. तिने त्याच्यापेक्षा तीन जास्त पाहिले होते, आणि ते तिन्ही गिळून तिला गप्प बसावं लागायचं.

पंचेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे खऱ्या पंचेचाळिसाव्या, तिची पाठ धरली. दिवसभर वाकून लोकांच्या पायात बूट चढवायचे म्हणजे दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणाले, पोहा. लग्नानंतर तिने पाण्यात पाऊल टाकलं नव्हतं. ती गेली, जुन्या तलावात उतरली, पाठीवर पडली, दोन हात मारले, आणि तिला हसूच फुटलं. इतकं, की नाकात पाणी गेलं आणि जीवरक्षक शिट्टी फुंकत धावत आला. वर्षाच्या आत तिने ज्येष्ठांच्या स्पर्धेत नाव दिलं. नवरा तिच्याहून जास्त हुरळला. "मी येणार! पहिल्या रांगेत बसणार! घसा बसेपर्यंत ओरडणार!"

आता या ज्येष्ठांच्या स्पर्धांची एक रीत आहे. तरुणांच्या स्पर्धेत नुसतं नाव पुकारतात. इथे नावामागोमाग वय पुकारतात, आणि वय जितकं जास्त तितक्या टाळ्या जास्त. पन्नाशीला तोंडदेखल्या, साठीला बऱ्यापैकी, आणि ऐंशीच्या पुढचं कुणी काठावर आलं की लोक बाकांवर उभे राहतात. बाहेर जी माणसं वयाचा विषय निघाला की चहा करायला उठतात, ती इथे एकेक वर्ष छाती फुगवून मिरवतात. पाणबुडीला हे कळलं ते थेट स्पर्धेच्या सकाळी. कर्ण्यातून शेजारच्या लेनमधल्या बाईंचं वय गडगडत बाहेर आलं आणि हिच्या तोंडचं पाणी पळालं. ती ओल्या अंगाने धावत टेलिफोनपाशी गेली आणि दुकानात फोन लावला. "अहो, येऊ नका. स्पर्धा रद्द झाली."

संध्याकाळी ती रद्द झालेल्या स्पर्धेचं सुवर्णपदक घेऊन घरी आली.

आता काय सांगणार? सुचेल ते सांगितलं. "तुम्ही येणार म्हटल्यावर माझे हातपायच गळाले. तुम्ही समोर असलात की मला पोहता येत नाही. बुडीन मी."

नवऱ्याने तिच्या हातातलं पदक घेऊन सदऱ्याला पुसलं. मग म्हणाला, "बरं. मग मी नाही येत." आणि वीस वर्षं तो आला नाही.

पण गप्प बसणारा तो नव्हेच. ती पदकं आणत गेली आणि तो ती दुकानाच्या काचेत मांडत गेला. एकेका बुटाच्या गळ्यात एकेक पदक. गिऱ्हाईकं विचारत, "पदकासकट केवढ्याला?" आणि त्याला तेवढंच निमित्त पुरायचं. एका पायात नवा बूट आणि दुसऱ्या पायात मोजा अशा अवस्थेत गिऱ्हाईक अडकवून तो न पाहिलेल्या शर्यती सांगायचा. "अर्ध्यावर येईपर्यंत ही शेवटची बरं का! आणि मग काय झालं कुणास ठाऊक, पाणीच मागे सरकायला लागलं!" एक बाई घरात घालायच्या सपाता घ्यायला आल्या होत्या, त्या भारावून डोंगर चढायचे बूट घेऊन गेल्या. सगळं सांगून झालं की तो हळूच म्हणायचा, "मी नाही बघितलं हं स्वतः. मी गेलो की ती बुडते." आणि खोकं काढायला खाली वाकायचा.

आतल्या खोलीत माल लावताना तिला हे ऐकू यायचं. तेव्हा तिला स्वतःची लाज वाटायची. जिंकल्यावर ज्याला पहिल्यांदा दाखवावंसं वाटे, नेमकं त्यालाच तिने दाराबाहेर उभं केलं होतं. कितीदा ठरवलं की आज सांगायचं. मग तो आनंदाने काच पुसून नव्या पदकासाठी जागा करत असलेला दिसे, आणि शब्द परत खाली जात.

असंच चालत राहिलं असतं. पण यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या.

पहिली गोष्ट, मोठ्या बाईंनी रिलेचा संघ काढला. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वय चौऱ्याहत्तर, ब्रेस्टस्ट्रोक अशा पोहत की जणू हजेरी घेत चालल्यात, कुणी वाटेत आलं तर त्यानेच बाजूला व्हावं. बटरफ्लायला दातांच्या डॉक्टरीणबाई, सत्तर पूर्ण. शेवटच्या टप्प्याला ड्रायव्हरबाई, एकाहत्तर, ज्यांनी उभा जन्म बस चालवली होती आणि पोहतानाही कुणाला ओव्हरटेक करू देत नसत. आणि सुरुवातीच्या बॅकस्ट्रोकला आपली पाणबुडी. रिलेत चौघींची वयं मिळून गट ठरतो. खालच्या गटात बंदरावरच्या बायकांचा संघ होता, त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. पण बेरीज दोनशे ऐंशी झाली की वरचा गट मिळे, आणि तिथे मैदान मारण्याजोगं होतं. मोठ्या बाईंनी बोटांवर बेरीज केली. बरोबर दोनशे ऐंशी! ना एक जास्त, ना एक कमी. ड्रायव्हरबाईंनी आनंदाने तोंडाने हॉर्न वाजवला.

दुसरी गोष्ट, स्पर्धा यंदा त्यांच्याच गावात भरणार होती. दुकानामागच्या, तिच्या लहानपणीच्या त्याच तलावात.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "या वेळी मी येतो. लांब बसतो, शेवटच्या रांगेत. टोपी घालतो, म्हणजे तुला दिसणारसुद्धा नाही." मग ताटाकडे बघत म्हणाला, "बासष्टचा झालो गं. कधी बघणार मी तुला?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "या."

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तातडीची सभा बसली. पाणबुडीने टॉवेलमध्ये तोंड लपवून सगळं सांगितलं. तिघी आधी थक्क झाल्या आणि मग इतक्या हसल्या की डॉक्टरीणबाईंना बाकावर आडवं व्हावं लागलं.

"सरळ सांगून टाक की!" ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "ब्रेक किती वेळ दाबून ठेवणार?"

"अडतीस वर्षांनी?" पाणबुडी म्हणाली. "तो पहिलं विचारेल, आणखी काय काय लपवलंस? आणि वीस वर्षं घरी बसवलं, ते कशासाठी? काय सांगू त्याला?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मोठ्या बाईंनी निकाल दिला. "हिचं वय पुकारलं जाता कामा नये."

"ते माझ्याकडे लागलं," डॉक्टरीणबाई उठून बसल्या. कर्ण्यावरचा माणूस त्यांचा रोगी होता आणि त्याची एक दाढ अर्धी कोरून ठेवलेली होती. दोन दिवसांनी तो खुर्चीत आ वासून पडला असताना त्यांनी त्याला बजावलं, "रिलेला आमच्या पहिल्या खेळाडूचं वय वाचायचं नाही. कबूल?" तो "आँ, आँ" म्हणाला. तो होकार धरण्यात आला.

स्पर्धेच्या सकाळी दुकानाच्या दारावर पाटी लागली, "आज दुकान बंद. बायको पोहणार आहे." आणि नवरा दिसू नये म्हणून भली मोठी टोपी घालून शेवटच्या रांगेत जाऊन बसला. टोपी अख्ख्या गर्दीत एकच असल्यामुळे तो तलावाच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसत होता.

रिलेची वेळ झाली. मोठ्या बाई आणि ड्रायव्हरबाई पलीकडच्या काठावर गेल्या, डॉक्टरीणबाई अलीकडे थांबल्या, आणि पाणबुडी पाण्यात उतरून भिंतीजवळचा दांडा धरून तयार झाली. बॅकस्ट्रोकची सुरुवात पाण्यातूनच होते. कर्णा खरखरला. मोठ्या बाई, चौऱ्याहत्तर! टाळ्यांचा पाऊस. डॉक्टरीणबाई, सत्तर! ड्रायव्हरबाई, एकाहत्तर! मग पाणबुडीचं नाव आलं, आणि नावानंतर काहीच आलं नाही. माणूस शब्दाला जागला. डॉक्टरीणबाईंनी वरून डोळा मारला, आणि पाणबुडीने सुटकेचा श्वास सोडला.

"आणि या संघाचं एकूण वय," कर्ण्यावरचा माणूस खुशीत म्हणाला, "दोनशे ऐंशी!"

बेरीज! चौघींपैकी एकीलाही बेरीज आठवली नव्हती. रिलेला ती नेहमीच पुकारतात, इतकी नेहमी, की कुणाचं तिकडे लक्षच जात नाही. पण शेवटच्या रांगेत एक दुकानदार बसला होता. जन्मभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या कानावर चार आकडे पडले की बेरीज-वजाबाकी आपोआप होते, त्याला तो तरी काय करणार? टोपी ताडकन उठून उभी राहिली.

"ओ कर्णेवाले! हिशेब चुकला तुमचा! दोनशे पंच्याहत्तर होतात! आमची ही साठची आहे!"

बिचारा चांगल्या मनाने ओरडला होता. बायको जिंकेल आणि मग कुणीतरी म्हणेल की लबाडी केली, हे त्याला नको होतं. पण तलावावर एकच गलका उडाला. दोनशे पंच्याहत्तर म्हणजे खालचा गट, म्हणजे हा संघ बाद! शेजारच्या लेनमधल्या संघाने लगेच हात वर केले. पंचांनी शर्यत थांबवली. वयाचे दाखले कार्यालयात होते, आणि कार्यालयाला कुलूप लावून सगळा कारकूनवर्ग शर्यत बघायला येऊन बसला होता, किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी पंच काठावर येऊन वाकले. "बाई, तुम्हीच सांगा. वय काय तुमचं?"

पाणबुडी दांड्याला लटकून होती. साठ म्हणावं, तर पितळ झाकलेलं राहतं आणि या तिघींची वर्षभराची मेहनत बुडते. पलीकडे मोठ्या बाई पोहण्याचा चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी नुसते खांदे उडवले. म्हणजे, तुझं तू बघ, आम्ही रागावणार नाही. त्या खांद्यांनीच तिला हरवलं.

"पासष्ट," ती म्हणाली.

"ऐकू आलं नाही."

"पासष्ट!" ती अशी ओरडली की कर्ण्याची गरजच उरली नाही. "पासष्ट पूर्ण!"

रीतीप्रमाणे टाळ्या कडाडल्या. तिने वर पाहिलं. शेवटच्या रांगेत तो उभा होता, टोपी हातात. तो टाळ्या वाजवत नव्हता. आणि तेवढ्यात पंच म्हणाले, "तयार," आणि भोंगा वाजला.

आता भोंगा वाजल्यावर काय करणार? ती मागे झेपावली. पाठीवर पडली आणि सवयीने वर आभाळाकडे बघायचं सोडून मान वाकडी करून प्रेक्षकांत बघू लागली. त्याची जागा रिकामी होती. बाकावर नुसती टोपी. गेला, तिच्या मनात आलं, निघून गेला! आणि त्यामागोमाग, काय सांगावं, एक भलतंच हलकं वाटायला लागलं. अडतीस वर्षं उराशी धरलेला धोंडा सुटला होता आणि हातपाय आपोआप वर येत होते. तिला भीती वाटत होती, रडू येत होतं, आणि मधूनच हसूही. या तिन्हींची मिळून जी गडबड झाली तिच्यात ती वयाच्या विशीत पोहली नव्हती एवढ्या जोरात पोहू लागली.

डाव्या बाजूला, काठावर, काहीतरी धपधप आवाज येत होता. कुणीतरी ओरडत होतं. त्याच्यामागे आणखी कुणीतरी शिट्टी फुंकत होतं. कान पाण्यात असल्यामुळे शब्द कळेनात, शिव्या की शाबासकी ते समजेना. पण आवाज ओळखीचा होता, आणि तो तिच्या बरोबरीने चालला होता.

हात भिंतीला लागला. सगळ्यांच्या आधी! डोक्यावरून मोठ्या बाई सूर मारून गेल्या आणि पाण्याचा लोंढा तिच्या तोंडावर आला. तो पुसून तिने वर पाहिलं, तर काठावर बुटांचा एक भिजलेला जोड, त्यात तिचा नवरा, आणि त्याच्या दंडाला धरून धापा टाकणारा एक स्वयंसेवक.

"पासष्ट?" नवरा म्हणाला.

"हो."

"म्हणजे माझ्यापेक्षा मोठी."

"तीन वर्षांनी. आत्याने खोटं सांगितलं आणि मी तेच चालू ठेवलं. इथे वय पुकारतात, म्हणून..."

"म्हणून मला येऊ देत नव्हतीस? मी आलो की बुडतेस, ते सगळं खोटं?"

"खोटं."

तो ओल्या फरशीवर मटकन बसला. स्वयंसेवकाने घाबरून दंड सोडला. नवऱ्याचे डोळे भरून आले होते आणि नाक लालबुंद झालं होतं. "अगं, वय काय, शंभर सांगितलं असतंस तरी मला चाललं असतं! पाच वर्षं लपवलीस, जाऊ दे, ती तुझीच होती. पण हे? हे असं तू वीस वर्षं पोहत होतीस आणि मी तिकडे लोकांच्या पायात चपला घालत बसलो होतो? ही वीस माझी होती! ती कुठून आणू मी?"

तिने पाण्यातून हात वर काढला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्याची पँट भिजली. मागे गर्दीचा जल्लोष टिपेला पोचला, ड्रायव्हरबाईंनी कुणालातरी ओव्हरटेक केलं असावं, पण दोघांनीही वळून पाहिलं नाही.

"पुन्हा पोह," तो म्हणाला.

"आत्ता? अहो, दम लागलाय मला."

"मग दम खा. पण पोह. मला सगळं बघायचंय. ते पालथं पण, उताणं पण, सगळं."

बक्षीस समारंभ सुरू झाला तेव्हा व्यासपीठावर तिघीच उभ्या होत्या. गळ्यात सोन्याची पदकं, आणि चौथीची जागा रिकामी. मोठ्या बाई हजेरी घ्यायच्या नजरेने इकडेतिकडे बघत होत्या. चौथी मागच्या लहान तलावात होती. ती पाठीवर पोहत या टोकाला यायची, पोटावर पोहत त्या टोकाला जायची, आणि काठावरून एक माणूस अनवाणी, बूट हातात धरून, एक क्षणही नजर न हलवता तिच्या बरोबरीने चालत होता.

कर्णा खरखरला. "विजेत्या संघाच्या पहिल्या खेळाडू, वय वर्षं पासष्ट, असतील तिथून ताबडतोब व्यासपीठावर याव्यात!"

"थांबा हो जरा!" काठावरचा माणूस मागे न बघता ओरडला. "माझं अजून बघून झालं नाही!"